रविवारी न जन्मणारी बाळं

११ जानेवारी

प्रिय मामा,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर अर्धं ऐकतोस नि उरलेलं मनानं रचतोस. मागच्या वेळी मी फक्त खोली बदलली होती, तर तू आईला माझ्या बढतीचे पेढे मागितलेस. म्हणून हे पत्र. सावकाश वाच आणि लेखी उत्तर दे.

माझं काम तुला ठाऊक आहेच. सरकारी कचेऱ्यांतले जुने सर्व्हर बंद करायचे आणि सगळ्या सेवा क्लाउडवर न्यायच्या. तुझं जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय जुलैत आलं, तेव्हा "आमची माणसं आता हवेत ठेवणार का?" म्हणून तू मला भंडावून सोडलं होतंस. हवेत नाही रे. दूरच्या मोठाल्या इमारतींत हजारो संगणक आहेत, त्यांतली जागा आपण वापरतो, एवढंच. मजा अशी की आता जन्माची नोंद, लसीकरण, शाळा, सगळं एकाच ठिकाणी आहे. पूर्वी तुझ्या टेबलावर नोंदलेलं बाळ आरोग्य खात्याला कळायला महिने जायचे. आता तू बटण दाबलंस की त्यांना कळतं.

आता खरी गोष्ट. काल आकडे चाळताना मी खुर्चीतच सरळ झाले. तुमच्या वॉर्डात जुलैपासून जन्म तिपटीनं वाढलेत! तुमच्या वॉर्डात, मामा, जिथे जिन्यावर दोन माणसं भेटली की गुडघ्यांची चौकशी होते. मला नावं-पत्ते दिसत नाहीत, ते झाकलेले असतात. फक्त आकडे दिसतात. तिथे चाललंय तरी काय? जरा फिरून बघ ना.

आणखी एक. तुमचं माता-बाल आरोग्य केंद्र पुरेसे जन्म नाहीत म्हणून एप्रिलपासून बंद करायच्या यादीत होतं. मी तुला सांगितलं नव्हतं, सांगायची हिंमत नव्हती. मेमध्ये तुझ्या लेकीचे, ताईचे दिवस भरतात, आणि मागच्या खेपेनंतर ती तिथल्या सिस्टरबाईंशिवाय कुणाला हात लावू देत नाही हे मला माहीत आहे. पण हे आकडे खरे असले तर केंद्र वाचतं.

लवकर लिही. मला चैन नाही.

तुझी,
भुणभुण

*

२२ जानेवारी

चि. भुणभुणीस,

लहानपणी "हे असं का, ते तसं का" करून माझं डोकं खायचीस म्हणून तुला हे नाव ठेवलं. आता सरकार तुला त्याचाच पगार देतं, छान आहे.

केंद्राचं वाचलं. ताईला बोललो नाही. तिचा रक्तदाब वर-खाली होतोय आणि दर आठवड्याला सिस्टरबाई तो बघतात. घाटापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात दोन बस बदलून जायचं म्हटलं तर वाटेतच तो वाढेल. म्हणून तुझी बाळं शोधायला मी कंबर कसून बाहेर पडलो.

पहिल्यांदा वाळत घातलेले कपडे पाहिले. बाळ असलेलं घर दोरीवर लपत नाही. आपल्या गल्लीत धोतरं, गाऊन, कमरेचे पट्टे, सगळं आहे, लंगोट एकाही दोरीवर नाही. एका खिडकीतल्या आजीनं "काय हो, धुणं बघता की मला?" असं विचारलं, तेव्हा पुढे सरकलो. औषधवाला म्हणाला, बाळांची पावडर मोठी माणसंच नेतात, घामोळ्यांना. दूधवाल्याचा रतीब वाढलेला नाही. तुझी मामी म्हणाली, "सगळी बाळं काय तळघरात ठेवलीत?"

शेवटी केंद्रात गेलो. तिथे भल्या सकाळी रांग! कडेवर, झोळीत, ढकलगाडीत, जिकडेतिकडे बाळं. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण विचारलं तर एकही आपलं नाही. सगळी रुळांपलीकडच्या कामगार वसाहतीतली. त्यांच्या आया आपल्याकडच्या शिवणकारखान्यात कामाला येतात. त्यांच्या वॉर्डातला दवाखाना त्या कामावर असतानाच उघडा असतो, म्हणून कामाची पाळी सुरू व्हायच्या आत बाळाला इथे टोचून घेतात आणि कारखान्याच्या पाळणाघरात ठेवतात. नोंदी त्यांच्या तिकडच्या. म्हणजे आपल्या हिशेबात ती धरता येणार नाहीत.

आमच्या पडद्यावरही एवढी बाळं नाहीत, कारकूनबाईंनी दोनदा पाहिलं. तुझा क्लाउडच भ्रमिष्ट झालाय की काय ते बघ.

मामीचे आणि माझे आशीर्वाद.

मामा

*

५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी कचेरीत मोठ्यानं वाचलं. खिडकीतल्या आजींना माझा नमस्कार सांग.

क्लाउड भ्रमिष्ट नाही, मी खात्री केली. तुमच्या पडद्यावर दिसत नाहीत कारण आता लोक घरून किंवा रुग्णालयातून थेट नोंद करू शकतात, मधे तुम्ही लागतच नाही, असा माझा अंदाज आहे. रागावू नकोस.

पण ऐक, मला त्याहून चमत्कारिक काहीतरी सापडलंय. मी जन्माचे वार आणि वेळा मागवल्या. मामा, ही वाढीव बाळं रविवारी जन्मतच नाहीत! सणासुदीच्या सुटीलाही नाहीत. रोज एक, आणि तेही सकाळी दहाच्या ठोक्याला. नोंद सुटीच्या दिवशी होत नाही हे मी समजू शकते, पण कळा काय सुटी बघून येतात? मी दोन दिवस याच विचारात होते, जेवताना आई म्हणाली, "भिंतीकडे बघून हसू नकोस." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्याकडे नक्की एखादं नवं खाजगी प्रसूतिगृह निघालंय, वेळ ठरवून शस्त्रक्रियेनं बाळंतपण करणारं. श्रीमंत गिऱ्हाईक, बाहेरगावचं, म्हणून दोरीवर लंगोट नाहीत. बरोबर ना?

आमच्या संचालकबाईंना हे सांगितलं. त्या सहसा मान वर करत नाहीत, पण या वेळी त्यांनी चष्मा काढला. तुमचं केंद्र बंद करायच्या यादीतून काढलंय! वर दुसरी सिस्टर आणि लसींसाठी नवा फ्रीज मंजूर झालाय. ताईला सांग, मेमध्ये सिस्टरबाई तिथेच असतील.

ते प्रसूतिगृह तेवढं शोध. पाटी कुठे आहे ते कळव.

भुणभुण

*

२० फेब्रुवारी

चि. भुणभुणीस,

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. ताईच्या पायांवर सूज आहे, पण सिस्टरबाई म्हणतात काळजीचं कारण नाही. मामीनं पडदे धुतले. आमची सर्व्हरची जुनी थंड खोली आता रिकामीच आहे, तिथे कारकूनबाई कुंड्या ठेवायचं म्हणतात. केंद्राचा फ्रीज आला. सिस्टरबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला त्याचं दार उघडून दाखवलं, दोनदा.

एक आपलं सहज विचारतो. समजा पुढेमागे हे आकडे खाली आले, तर केंद्राचं काय होतं?

प्रसूतिगृहाची पाटी दिसली नाही. बाकी भेटीअंती.

मामा

*

८ मार्च

प्रिय मामा,

हे काय पत्र झालं? पडदे, कुंड्या, फ्रीज! खिडक्या-दोऱ्या तपासत फिरलेला माझा मामा कुठे गेला? रविवारी न जन्मणाऱ्या बाळांबद्दल तुला एक शब्दही लिहावासा वाटला नाही? तू काहीतरी दडवतोयस. लहानपणी माझा ससा मेला तेव्हा तू असाच पडद्यांबद्दल बोलत होतास.

तुझ्या "सहज" प्रश्नाचं उत्तर असं, की आकडे खाली आले तर केंद्र परत यादीत जाईल आणि एप्रिलमध्येच बंद होईल. कुणाला विचारायचीही गरज पडणार नाही, आकडा ठराविक रेषेखाली गेला की नाव आपोआप यादीत येतं.

इकडची बातमी मोठी आहे. पंचवीस तारखेला सगळ्या खात्यांसमोर आमचं सादरीकरण आहे आणि त्यात तुमचा वॉर्ड हे मुख्य उदाहरण आहे. "जुन्या पद्धतीत जे कुणाच्या लक्षात आलं नसतं ते क्लाउडनं दाखवलं," असं संचालकबाई माझं नाव घेऊन म्हणणार आहेत. पुढच्या टप्प्याची प्रमुख म्हणून माझा विचार चाललाय. मी हे अजून आईलाही सांगितलेलं नाही. मामा, मला हे काम फार हवंय.

म्हणून विचारते. काय झालंय?

भुणभुण

*

१३ मार्च

चि. भुणभुणीस,

हे पत्र शिपायाच्या हाती थेट तुझ्या कचेरीत धाडतोय, कारण टपालावर माझा भरवसा नाही आणि तारीख जवळ आली आहे.

प्रसूतिगृह नाही. ती बाळं आम्हीच जन्माला घातली. मी, कारकूनबाई आणि हे पत्र आणणारा शिपाई.

आमचा जुना सर्व्हर लहरी होता. सकाळी केलेली पहिली नोंद तो हमखास गिळायचा. कुणाच्या खऱ्या बाळाची नोंद गडप होऊ नये म्हणून आम्ही कार्यालय उघडल्या उघडल्या एक खोटं बाळ नोंदवायचो. सलामीचं बाळ. पत्ता कार्यालयाचा, तारीख आजची, वेळ दहाची. संध्याकाळी निघताना ते खोडायचं. वर्षानुवर्षं हे चाललंय. नाव रोज नवं. कारकूनबाई मुलीचं सुचवायच्या, मी मुलाचं, आणि शिपाई निवाडा करायचा. खरं सांगू, दिवसातली तेवढीच पाच मिनिटं आमच्याकडे हसण्याची असतात. बाकी निम्मा दिवस मृत्यूच्या नोंदींतच जातो. मागच्या खेपेला ताईनं ठरवून ठेवलेलं नाव मात्र मी तिथे कधी कुणाला घेऊ दिलं नाही.

तुझा क्लाउड पहिली नोंद गिळत नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सवय चालू राहिली. संध्याकाळी "रद्द करा" दाबलं की बाळ पडद्यावरून जायचं. आम्हाला वाटायचं, गेलं.

"रविवारी जन्मत नाहीत" हे तुझं वाक्य वाचलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्याच आठवड्यात टपालवाल्यानं महिनोन्महिने साठलेला गठ्ठा आणून टाकला. "अभिनंदन! आपल्या बाळाच्या लसीकरणाची वेळ झाली आहे." सगळी पत्रं आमच्याच पत्त्यावर. कारकूनबाई हसायला लागल्या, मग माझं तोंड बघून थांबल्या. त्या दिवसापासून सलामी बंद आहे.

तरी मी तुला लिहिलं नाही. गप्प बसलो तर केंद्र राहतं, ताई सुखरूप राहते, तुझं भलं होतं, नुकसान कुणाचंच नाही, असं मी स्वतःला रोज समजावत होतो. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मागच्या खेपेला रुग्णालयाच्या त्या लांबलचक बोळात मी ताईचे कपडे हातात घेऊन बसलो होतो. तसं पुन्हा बसायचं नाही मला.

तुझं पत्र आलं तेव्हा ताईला सगळं सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "बाबा, खोट्या पोरांच्या जिवावर माझं पोर नको. आणि भुणभुण तिथे सगळ्यांसमोर उभी राहणार, तिला आधी कळव."

कळवलं. आता तुला योग्य वाटेल ते कर. मला रागाव, पण शिपायाला चहा पाज. प्रत्येक बाळाचं नाव त्यानं मनापासून निवडलंय.

मामा

*

२ एप्रिल

प्रिय मामा,

शिपाईकाकांना चहा पाजला. आधी मी त्यांच्यासमोर रडले, मग हसले, त्यामुळे त्यांनी दोन कप घेतले.

रागावले होते, भरपूर. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. रोज दहाच्या ठोक्याला एक बाळ! कार्यालयं किती वाजता उघडतात हे मला ठाऊक नव्हतं का? मला रहस्य इतकं आवडलं की साधं उत्तर डोळ्यांपुढे असून दिसलं नाही.

"रद्द करा" दाबल्यावर बाळ कुठे जायचं तेही शोधलं. नव्या पद्धतीत जन्म असा कुणालाही पुसता येत नाही. वरच्या कार्यालयाकडे विनंती जाते, तिथल्या साहेबांनी मान्य केली तरच नोंद रद्द. ते साहेब रोज एका बाळाची विनंती बघायचे आणि कुठल्या भानगडीत नको म्हणून तशीच ठेवून द्यायचे. सगळी बाळं त्यांच्याकडे सुखरूप आहेत.

संचालकबाईंना त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "ते उदाहरण काढा. आणि आकडे आजच दुरुस्त करा." केले. तुमचं केंद्र माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा यादीत गेलं. मामा, माझ्याच हातानं.

घरी आले, जेवले नाही. तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली, खरं तर तुझ्यावर आणखी चिडण्यासाठी. आणि जानेवारीतल्या पत्रात तू मला उत्तर लिहून पाठवलं होतंस! रुळांपलीकडची बाळं. "आपल्या हिशेबात धरता येणार नाहीत." का नाही? केंद्र कुणाच्या उपयोगी पडतं हे बघायचं, तर कुणाचा जन्म कुठे नोंदला ते कशाला मोजायचं? कुणाला कुठे टोचलं ते मोजायला हवं. पूर्वी ते जमलंच नसतं, दोन वॉर्डांच्या याद्या दोन डब्यांत बंद होत्या. आता दोन्ही एकाच जागी आहेत. दुसऱ्या दिवशी मी त्या समोरासमोर ठेवल्या. तुमच्या केंद्रात येणारी बाळं रेषेच्या कितीतरी वर निघाली. खरी बाळं. ती रविवारीसुद्धा जन्मली आहेत, मी तपासलं.

पंचवीस तारखेला हेच मांडलं, सलामीच्या बाळांसकट. लोक हसले, पण मग खूप प्रश्न विचारले. केंद्र राहतंय, तसा लेखी आदेश निघालाय. दुसरी सिस्टर मात्र रद्द झाली. फ्रीज परत कसा न्यायचा याचा नियम सापडत नाहीये, त्यामुळे तोही राहील.

प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मला आता गावोगावच्या कचेऱ्यांत जाऊन विचारायचं काम दिलंय, "तुम्ही सकाळी आल्यावर पहिलं काय करता?" कुणीच साधं उत्तर देत नाही, मामा. एका ठिकाणी रोज एक खोटा माणूस मारतात.

ताईला घट्ट मिठी.

भुणभुण

*

२१ मे

चि. भुणभुणीस,

फोनवर तुला कळलंच आहे, तरी पत्र हवंच. मुलगी झाली. ताई बरी आहे. शेवटच्या आठवड्यात रक्तदाब चढला तेव्हा सिस्टरबाईंनी वेळेत ओळखलं आणि स्वतः गाडीत बसून तिच्याबरोबर रुग्णालयात आल्या. मी त्याच बोळात बसलो होतो. पण या वेळी दार उघडलं आणि त्यांनी माझ्या हातात कपड्यांऐवजी बाळ दिलं. मी रडलो. तुझी मामी म्हणाली, जावयापेक्षा जास्त रडलो.

रविवारी जन्मली, ऐकतेस ना?

काल तिची नोंद केली. कार्यालय उघडायच्या आधीच कारकूनबाई आणि शिपाई नटून हजर. सलामी बंद झाल्यापासून आमची सकाळ सुनी सुनी गेली होती. कारकूनबाईंनी सवयीनं विचारलं, "आज काय नाव ठेवायचं?" शिपाई काही सुचवणार तेवढ्यात मी म्हटलं, "आज आईनं ठरवलंय." ताईनं तेच नाव ठेवलंय, तिनं मागं जपून ठेवलेलं. मी एका बोटानं टाइप केलं. दोनदा वाचलं. कारकूनबाईंनी एकदा वाचलं. मग बटण दाबलं.

पाठोपाठ ताईच्या फोनवर निरोप आला. "अभिनंदन! आपल्या बाळाच्या लसीकरणाची वेळ..." तीच पत्रातली वाक्यं. ताईनं मला ती फोनवरून तीनदा वाचून दाखवली.

दिवसभर कामात मन नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता आवराआवर सुरू झाली. पडद्यावर दिवसाची पहिली नोंद वरतीच होती, आणि माझा उजवा हात आपला आपण "रद्द करा"कडे निघाला. इतक्या वर्षांची सवय गं. मी दचकून हात मागे घेतला. साहेबांनी मान्य केल्याशिवाय काही पुसलं जात नाही हे तूच मला लिहिलंयस, तरी धीर होईना.

मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तसाच बसून राहिलो, कारकूनबाई येऊन संगणक बंद करेपर्यंत.

मामा